‘गेट’ शिकायचंय? मग आधी ‘लागणे’ बघा

१९९४ सालची गोष्ट. रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी एक्स्पोर्टचं टायपिंग करायचे. ठाणे-वाशी लोकल तेव्हा नव्हती, ती आली २००४ मध्ये; कोपरीहून निघून कळवा-विटाव्यावरून ठाणे-बेलापूर रोडने बसचे धक्के खात जायचं. एका दुपारी इंग्लंडच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. साहेब जेवायला गेलेले. मी धीर करून ऑर्डरचा नंबर वाचून दाखवला. पलीकडून तो म्हणाला, “सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट.”

मला वाटलं, सकाळचा फॅक्स त्याला मिळाला नाही. म्हटलं, “ओके सर, आय विल सेंड अगेन.” चार पानं परत पाठवली. दहा मिनिटांनी परत फोन, परत मी काहीतरी वाचलं, परत त्याचं तेच, “आय स्टिल डोंट गेट इट.” परत चार पानं. तिसऱ्या खेपेचीही चार पानं गेली आणि साहेब हात पुसत आत आले. त्या बिचाऱ्याला एवढंच म्हणायचं होतं की बाई, तुमचं बोलणं मला कळलं नाही. मी ‘गेट म्हणजे मिळणे’ एवढ्या एका अर्थावर बारा पानं इंग्लंडला धाडली होती. साहेबांनी आयएसडीच्या दरांवर जे व्याख्यान दिलं, ते मात्र मला पहिल्या फटक्यात कळलं.

आता निवृत्त आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत बोलायचं इंग्रजी शिकवते. आठ-दहा जण येतात. एक रिक्षावाले दादा, हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर बसणारी एक मुलगी, कुरिअरवाला एक पोरगा, आमचे वॉचमनकाका, आणि न्यू जर्सीला लेकीकडे निघालेल्या सदुसष्ट वर्षांच्या काकू. ‘गेट’ला मी पूर्वी अर्धा तास द्यायचे. आता तीन आठवडे देते. का, ते सांगते.

पहिल्याच दिवशी वॉचमनकाका म्हणाले, “मॅडम, गेट मला शिकवू नका, बारा वर्षं त्यावरच बसतोय.” सगळे हसले, पण मुद्दा खरा आहे. आपल्या कानात आधीपासून एक गेट बसलेलं आहे, ते फाटकाचं. देवनागरीत दोन्ही शब्द एकसारखेच लिहितो, म्हणून घोळ वाढतो. फाटकातला ‘गे’ लांबवायचा, क्रियापदातला ‘गे’ अगदी आखूड, चटका बसल्यावर हात मागे घेतो तसा. गेटपासमधलं गेट फाटकाचं. नाटकातला गेटअप, शाळेच्या बॅचचं गेटटुगेदर आणि मास्तरांचं ‘गेट आउट’ मात्र क्रियापदातून आलेलं. म्हणजे मराठीत आपण हा शब्द रोज वापरतोच, फक्त सुटा करून पाहत नाही.

दुसरी गोष्ट पहिल्याच दिवशी सांगते: अर्थांची यादी पाठ करायला जाऊ नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात एकट्या ‘रन’चे ६४५ अर्थ भरल्याची बातमी २०११ मध्ये आली होती, आणि त्याआधी १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यांत लांबलचक नोंद ‘सेट’ची होती. ही छोटी छोटी क्रियापदं अशीच असतात. पाठांतराने ती येत असती, तर आमच्या पिढीला केव्हाच आली असती. आम्ही ‘गेट, गॉट, गॉट’ छड्या खात पाठ केलं आहे.

मग करायचं काय? पहिली युक्ती: ‘गेट’कडे बघूच नका, त्याच्या पुढच्या शब्दाकडे बघा. ‘गेट’ स्वतः जवळजवळ रिकामं भांडं आहे. पुढे वस्तू आली, तर मिळणे, आणणे, विकत घेणे: ‘आय गॉट अ लेटर’, ‘गेट सम मिल्क’. पुढे गुण किंवा अवस्था आली, तर होणे: ‘गेट वेट’ म्हणजे भिजणे, ‘गेट ओल्ड’ म्हणजे म्हातारं होणे. पुढे ठिकाण आलं, तर पोहोचणे: ‘गेट टु ठाणे’. इथे एक ठेच हमखास लागते. ‘गेट टु होम’ म्हणायचं नाही, नुसतं ‘गेट होम’. ‘गेट हिअर’, ‘गेट देअर’ यांनाही ‘टु’ नको. मराठीत आपण ‘ठाण्याला पोहोचले’ म्हणतो, पण ‘घरी पोहोचले’, ‘इथे पोहोचले’ म्हणताना ‘ला’ लावत नाही, तसंच.

एवढं सगळ्यांना चटकन येतं. खरी गंमत पुढे.

एकदा काकू वैतागून म्हणाल्या, “हे कसलं गं क्रियापद? मिळणं पण तेच, होणं पण तेच, पोहोचणं पण तेच. आपल्यात आहे का असलं काही?” मी खडू घेतला आणि फळ्यावर ‘लागणे’ लिहिलं. म्हटलं, सांगा, याचा अर्थ काय? मग पाऊसच पडला. भूक लागली. ठेच लागली. आग लागली. नोकरी लागली. निकाल लागला. डोळा लागला. वेळ लागला. दूध लागलं. रांग लागली. मुलाला सवय लागली. तो माझा मामा लागतो. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, फोन लागत नाहीये. रिक्षावाले दादा म्हणाले, “ताई, बस लागली म्हणजे दोन: स्टँडवर लागली ती एक, आणि प्रवाशाला लागली ती दुसरी. दुसरीवाला माझ्या रिक्षात नको.”

एवढे अर्थ तुम्हाला कोणी शिकवले? कोणीच नाही. ‘लागणे’ म्हटलं की बुद्धी पुढच्या-मागच्या शब्दावर जाते आणि अर्थ आपोआप ठरतो. भूक आहे का, फोन आहे का, मामा आहे का. इंग्रज माणूस ‘गेट’ असंच ऐकतो. शब्दकोश डोक्यात ठेवून नाही, सोबतच्या शब्दाचं बोट धरून.

मजा अशी, की या दोघांचे कित्येक प्रयोग एकमेकांवर अलगद बसतात. मला नोकरी लागली: ‘आय गॉट अ जॉब.’ मला भूक लागली: ‘आय गॉट हंग्री.’ सवय लागली: ‘आय गॉट यूज्ड टु इट.’ फोन लागत नाही: ‘आय कान्ट गेट थ्रू.’ मला बस लागते: ‘आय गेट कारसिक.’ मुहूर्तच लागला नाही, म्हणजे करायचं करायचं म्हणत राहूनच गेलं: ‘आय नेव्हर गॉट राउंड टु इट.’ हे शेवटचं सांगितल्यावर काकूंनी वहीत चांदणी काढली. त्यांची कपाट आवरायची गोष्ट वर्षभर राउंड टु इट होत होती.

नात्यागोत्याचं म्हणाल, तर या दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही. ‘गेट’ हा उत्तरेकडच्या समुद्री लोकांचा, म्हणजे व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘गेटा’वरून इंग्रजीत आला; ‘फरगेट’मध्ये दिसतं ते ‘गेट’ त्याच्याच भाऊबंदांतलं. आपलं ‘लागणे’ संस्कृत ‘लग्’ धातूचं, म्हणजे चिकटणे. त्याच धातूचं ‘लग्न’. शब्दशः चिकटलेलं! तेव्हा ‘गेट मॅरिड’ शिकवताना मी हे सांगतेच. आणि तिथेच हेही सांगते, की ‘गॉट मॅरिड विथ’ नाही, ‘गॉट मॅरिड टु’. चिकटायचं ते कोणाशी नाही, कोणाला.

हे साम्य कुठे तुटतं, तेही नीट बघू, कारण खरी चूक तिथे होते.

मराठीत भूक मला लागते. मी काहीच करत नाही. भूक येते आणि मला लागते. ताप मला येतो, राग मला येतो, कंटाळा मला येतो, नोकरी मला लागते. मी आपली जागेवर बसलेली, सगळं माझ्याकडे चालत येतं. इंग्रजीत उलट. तिथे ‘आय’ आधी उठून उभा राहतो आणि ती गोष्ट जाऊन आणतो. ‘आय गॉट अ फीवर.’ ‘आय गॉट अँग्री.’ ‘आय गॉट बोअर्ड.’ म्हणून दुसरी युक्ती: मनात ‘मला’ने सुरू होणारं वाक्य आलं आणि त्यात काहीतरी नव्याने घडत असेल, तर ‘आय गॉट’ने सुरुवात करून बघा. दहात सहा-सात वेळा जमून जातं. आमचा कुरिअरवाला पोरगा आधी ‘टु मी फीवर केम’ म्हणायचा. एका संध्याकाळी ‘मला’ची पंचवीस वाक्यं त्याच्याकडून ‘आय गॉट’मध्ये फिरवून घेतली, तेव्हापासून त्याचं इंग्रजी निम्म्याने सुधारलं.

उरलेल्या तीन-चार वेळांची नोंद मात्र वेगळी ठेवा. मला मुलगा झाला, हे ‘आय गॉट अ सन’ नाही, ‘आय हॅड अ सन’. स्वप्न पडलं, मजा आली, यांनाही ‘हॅड’: ‘आय हॅड अ ड्रीम’, ‘आय हॅड फन’. डोळा लागला, हे ‘आय फेल अस्लीप’, तिथे पडायचंच. मला पोहता येतं, मला आंबा आवडतो, मला आठवतं, यांत काही नव्याने घडत नाही, तेव्हा ‘गेट’ला हात लावायचा नाही. आणि निकाल लागला, दुकान लागलं, मामा लागतो, यांना तर ‘मला’च नाही.

नव्याने घडणं म्हणजे काय, ते रिसेप्शनवरच्या मुलीच्या एका वाक्यावर दाखवते. तिने डॉक्टरांना सांगितलं, “पेशंट इज गेटिंग टायर्ड.” डॉक्टर धावत आले. तिला म्हणायचं होतं, पेशंट दमलेत, बसून आहेत. ‘इज टायर्ड’ म्हणजे दमलेले आहेत, ही स्थिती. ‘इज गेटिंग टायर्ड’ म्हणजे आत्ता, बघता बघता दमत चाललेत. ‘आहे’ला ‘बी’, म्हणजे ‘इज’-‘ॲम’-‘आर’; ‘होणे’ला ‘गेट’. ‘इट इज डार्क’ म्हणजे अंधार आहे. ‘इट इज गेटिंग डार्क’ म्हणजे अंधार पडतोय, दिवे लावा. आपल्याला हा फरक मराठीत जन्मापासून येतो. ‘ती चिडलेली आहे’ आणि ‘ती चिडली’ यांत गल्लत करणारं मराठी पोर मी अजून पाहिलं नाही.

आणि समजणे या अर्थाच्या ‘गेट’ला ‘इंग’ लावू नका. ‘आय ॲम नॉट गेटिंग यू’ हे आपल्याकडे सर्रास चालतं. बाहेर ‘आय डोंट गेट यू’ म्हणतात. माझ्या इंग्लंडवाल्याने तसंच म्हटलं होतं.

आता माझा सगळ्यात आवडता धडा. तो मी ठाणे स्टेशनावर शिकवते. खरोखरच, सगळ्यांना घेऊन पुलावर जाते.

आमच्या कोपरीच्या बाजूला, नऊ-दहा नंबरला, वाशी-पनवेलकडच्या गाड्या लागतात. संध्याकाळी गाडी रिकामी येते आणि थांबायच्या आत लोक दारातून आत झेपावतात. ज्याला जागा मिळाली तो म्हणतो, ‘बसायला मिळालं.’ इंग्रजीत: ‘आय गॉट टु सिट.’ आता डब्यात चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला डॉक्टरांनी सांगितलंय, उभं राहू नका. तो म्हणेल, ‘मला बसावं लागतं.’ इंग्रजीत: ‘आय हॅव गॉट टु सिट.’ बघा हं. एकच ‘हॅव’ आला आणि मिळण्याचं लागणं झालं. एकाच्या तोंडावर आनंद, दुसऱ्याच्या तोंडावर नाइलाज.

‘गॉट टु’ म्हणजे करायला मिळणे, संधी मिळणे. ‘हॅव गॉट टु’ म्हणजे करावं लागणे, सुटका नसणे. बोलताना इंग्रज आणि त्याहून जास्त अमेरिकन माणूस ‘हॅव’ गिळतो, ‘आय गॉटा गो’ म्हणतो, म्हणजे मला निघायलाच हवं. मग ओळखायचं कसं? काळावरून. निघायच्या तयारीत, चपला पायात घालत म्हणाला तर नाइलाज. काल काय झालं ते सांगत असेल, ‘आय गॉट टु मीट हिम’, तर ती संधी, भेटायला मिळालं. पोरांना मी घोकायला लावते ते एवढंच: काल असेल तर मिळालं, आज असेल तर लागतंय. नियम म्हणून कच्चा आहे, पण पुलावर उभं राहून वापरायला पुरतो.

त्याच पुलावर चढण्या-उतरण्याचाही निकाल लावते. गाडीत चढणे ‘गेट ऑन’, उतरणे ‘गेट ऑफ’. रिक्षात बसणे ‘गेट इन’, उतरणे ‘गेट आउट’. रिक्षावाले दादांनी लगेच विचारलं, “माझ्या गाडीला वेगळं का?” त्यांना म्हटलं, तुमच्या रिक्षात माणूस ताठ उभा राहू शकतो का? नाही. वाकून आत शिरावं लागतं, म्हणून ‘इन’. मोटारीचंही तसंच. बस, लोकल, विमान, बोट यांत उभं राहता येतं, चालता येतं, म्हणून ‘ऑन’. मोटरसायकलवर आणि घोड्यावर तर वरच बसायचं, तिथेही ‘ऑन’. मग कुरिअरवाला म्हणाला, आपल्या लोकलमध्ये साडेसहाला चालता कुठे येतं? त्याला उत्तर नाही. पण डब्याचं नाव घेतलं, तर डबा ही खोलीच, तेव्हा ‘गेट इन द कंपार्टमेंट’ चालतं.

‘गेट डाउन’ हा आपला खास प्रकार. ‘आय विल गेट डाउन ॲट ऐरोली’ असं आपण सगळेच म्हणतो, ठाणे-बेलापूर पट्ट्यात कुणालाही कळतं आणि मी आपसांत बोलताना ते चुकीचं धरत नाही. परदेशी माणसाला मात्र ते ‘खाली वाक’ असं ऐकू येतं. काकूंना बजावून ठेवलं, विमानात ‘गेट डाउन’ म्हणू नका, सगळे सीटखाली जातील.

‘लागणे’चं एक धाकटं भावंड आहे, ‘लावणे’. स्वतःला लागतं, दुसऱ्याला लावतो. ‘गेट’ हेही काम एकट्याने करतं. मी त्याला सही करायला लावली: ‘आय गॉट हिम टु साइन.’ माणूस आला की पुढे ‘टु’ हवा. त्याची जोडीदार रचना म्हणजे करून घेणे. मिक्सर दुरुस्त करून घेतला: ‘आय गॉट द मिक्सर रिपेअर्ड.’ वस्तू आली की पुढे तिसरं रूप, ‘टु’ नको. माणसाला ‘टु’, वस्तूला तिसरं रूप. हे दोन ओळींत वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

मराठीत आपण या बाबतीत फार ढिले आहोत. ‘मी केस कापले’ म्हणतो, कापतो सलूनवाला. ‘मी घराला रंग दिला’ म्हणतो, देतो पेंटर. ऐकणाऱ्याला बरोब्बर कळतं. पण ‘आय कट माय हेअर’ म्हटलंत, तर समोरचा तुमच्या डोक्याकडे निरखून बघेल, की आरशासमोर कात्री घेऊन स्वतःच कापले की काय. ‘आय गॉट माय हेअर कट.’ दिवाळीच्या आधी हा धडा घ्यावा. घरोघरी रंगापासून कुशन कव्हरपर्यंत सगळं करून घेणंच चाललेलं असतं, वाक्यं शोधावी लागत नाहीत.

‘गॉट’ आणि तिसरं रूप यांचं आणखी एक काम: वाईट झालेलं सांगणे. ‘माय वॉलेट गॉट स्टोलन.’ ‘ही गॉट कॉट.’ ‘वी गॉट स्टक.’ शेवटचं आमचे रिक्षावाले दादा घोडबंदर रोडच्या कोंडीतून उशिरा आले की दारातूनच म्हणतात. आता त्यांना माफी मागावी लागत नाही, एवढं वाक्य पुरतं.

बाकीचे जोडशब्द एका दमात सांगून टाकते, कारण ते कानावर पडले तरच बसतात. ‘गेट बाय’ म्हणजे भागणे, पगारात भागतं. ‘गेट अलाँग’ म्हणजे पटणे. दोघींचं पटत नाही. ‘गेट ओव्हर’ म्हणजे आजारातून किंवा दुःखातून उठणे. ‘गेट अवे विथ’ म्हणजे करून पचवणे; लाच खाल्ली आणि पचवली. ‘गेट ऑन माय नर्व्ज’ म्हणजे डोक्यात जाणे. ‘व्हॉट गॉट इंटू यू?’ म्हणजे काय संचारलंय तुझ्या अंगात? आणि बेल वाजली की आतून कोणी ओरडलं ‘गेट द डोर’, तर दार काढून आणायचं नाही, कोण आलंय ते बघायचं. बघा, प्रत्येकाला मराठीत एक खणखणीत शब्द आधीच आहे. इंग्रजीतून अर्थ लावत बसण्यापेक्षा तो शब्द शोधा. ‘गेट अवे विथ’चा अर्थ ‘च्यासह दूर जाणे’ असा लिहिलेली वही मी पाहिलेली आहे. ‘पचवणे’ म्हटल्यावर तो मुलगा जन्मात विसरणार नाही.

‘गॉट’ की ‘गॉटन’? इंग्लंडात ‘हॅज गॉट’. अमेरिकेत मिळवलं किंवा झालं या अर्थी ‘हॅज गॉटन’, पण ‘माझ्याकडे आहे’ या अर्थी तिथेही ‘हॅव गॉट’च. तुम्ही कोणाशी बोलणार आहात, त्याप्रमाणे ठरवा. काकूंना ‘गॉटन’ ऐकायला शिकवलं, बोलायला नाही. शिकवलेलं सगळंच बोललं पाहिजे, असं थोडंच आहे.

लिहिताना मात्र जरा जपून. आमच्या शाळेतल्या बाई निबंधात ‘गेट’ दिसलं की लाल रेघ मारायच्या. तेव्हा राग यायचा. आज अर्ज तपासताना माझाही हात तिकडेच जातो. मराठीत आपण सोसायटीला पत्र लिहिताना ‘आपलं पत्र मिळालं’च्या जागी ‘आपले पत्र प्राप्त झाले’ लिहितो ना? तोच फरक. अर्जात ‘रिसीव्ह’, ‘अराइव्ह’, ‘बिकम’. व्हॉट्सॲपवर ‘गॉट इट’. उगाच सगळीकडे ‘गेट’ काढूनही टाकू नका; शेजारणीला ‘आय हॅव रिसीव्ह्ड युअर बाउल’ म्हणणं म्हणजे वाटी प्राप्त झाली म्हणण्यासारखं आहे.

आता सराव. वही दोनशे पानी नको, चाळीस पानी पुरे. रोज रात्री त्या दिवशी स्वतःला खरोखर झालेल्या तीन गोष्टी मराठीत लिहायच्या, त्याही ‘मला’, ‘लागलं’, ‘झालं’, ‘करून घेतलं’ असले शब्द असलेल्या. मग त्यांचं ‘गेट’ करायचं. होत नसेल, तर ओढूनताणून करू नका, बाजूला फुली मारा. महिन्याभरात फुल्यांची पानं उघडून बघा. माझ्या वर्गात सगळ्यांच्या फुल्या जवळपास त्याच तीन-चार जागी येतात: झोप, स्वप्न, मूल आणि नातं. खरं शिकणं त्या फुल्यांत असतं. पुस्तकातली वाक्यं नकोत. ‘राम गॉट अ बुक’ कोणाला झालंय?

आणि ऐका. लोकलमध्ये, टीव्हीवर, हॉस्पिटलच्या रांगेत. ‘गेट’ ऐकू आलं की पुढचा एक शब्द पकडायचा, बाकी सोडून द्यायचं.

काकू मे महिन्यात गेल्या. पोहोचल्यावर त्यांचा व्हॉइस मेसेज आला, अर्धा मराठीत, अर्धा इंग्रजीत. विमानतळावर व्हीलचेअर ढकलणाऱ्या बाईने विचारलं, “हू इज गेटिंग यू?” क्षणभर त्या गडबडल्या. मिळणे बसेना, होणे बसेना, पोहोचणेही बसेना. पुढचा शब्द बघितला, तर ‘यू’, म्हणजे मीच. “मग म्हटलं, अगं, मला न्यायला कोण येणार, असं विचारतेय ती! सांगितलं, माय डॉटर इज गेटिंग मी.” आणि मग, नेहमीच्या सुरात, “हा अर्थ तू शिकवला नव्हतास हं.”

नव्हताच शिकवला. फळ्यावर लिहून ठेवलाय, सोमवारच्या वर्गाला घेईन.